फ्रान्सिस दाब्रे वेगन हॉटेल शोधतो

मस्कतच्या वादी कबीरला आमच्या गॅरेजमागे जुन्या कॉम्प्रेसरांचा एक ढीग आहे. कुणी मुद्दाम रचलेला नाही. गाडीचा एसी बिघडतो, आम्ही नवा कॉम्प्रेसर बसवतो, जुना मागे टाकतो, आणि एक दिवस बघावं तर ढीग कमरेला लागलेला! किश्शांचंही तसंच. आपण आपलं काम करत असतो, मित्र आपापले उद्योग करत असतात. मग एखाद्या शुक्रवारी चहाला बसल्यावर लक्षात येतं, अरे, एकट्या फ्रान्सिसचेच इतके झाले!

मी परब, कुडाळचा. एकोणीस वर्षं मस्कतमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करतोय. जून ते सप्टेंबर इथे माझ्याइतका लोकप्रिय माणूस नाही. फ्रान्सिस दाब्रे वसईचा, एका पंचतारांकित हॉटेलात ग्रिल शेफ. त्याची बायको रेजिना क्लिनिकमध्ये नर्स. मुलगी शेरॉन, अठरा वर्षांची, एकुलती एक. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये. माझं कुटुंब गावी असल्यामुळे आठवड्यातून तीनदा तरी मी त्यांच्याकडेच जेवतो. म्हणजे हे सगळं ऐकीव नाही, डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

०

शेरॉन अकरावीत असताना वेगन झाली. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध-दही-तूप नाही, मधसुद्धा नाही.

फ्रान्सिसने आधी ते मनावर घेतलं नाही. म्हणाला, "अगं, आमच्या हॉटेलात रोज येतात वेगन गेस्ट. भोपळी मिरची, मश्रूम, मस्त ग्रिल करून देतो. तुलाही देईन."

शेरॉन म्हणाली, "सेम ग्रिलवर, पप्पा?"

बावीस वर्षं ग्रिलवर उभा असलेला माणूस उठून फ्रिजमध्ये पाणी शोधायला लागला.

मग आला ईस्टर. फ्रान्सिसने पहाटेपासून मटणाच्या चापा मसाल्यात मुरवून ठेवलेल्या. दहा-बारा पाहुणे, मोठं टेबल, मधोमध चापांचं ताट. शेरॉन आपला डाळ-भात घेऊन येऊन बसली. कुणीतरी पाहुणा हसला आणि म्हणाला, "काय शेफ, घरातलं गिऱ्हाईकच गेलं का?"

फ्रान्सिसचं डोकं फिरलं. "या टेबलावर बसायचं असेल तर टेबलावरचं खायचं!"

शेरॉनने ताट उचललं आणि आपल्या खोलीत गेली.

ईस्टरनंतर ख्रिसमस आला, परत ईस्टर आला. ती काही त्या टेबलावर परत आली नाही. अभ्यासाच्या टेबलावर जेवायची. भांडण नाही, अबोला नाही. "पप्पा, चावी कुठंय?" "पप्पा, वायफाय गेलं." सगळं बोलायची. फक्त जेवायला यायची नाही.

रेजिना वहिनी एकदा मला म्हणाल्या, "दोघांपैकी एकाने जरी माझा स्वभाव घेतला असता ना, तर दुसऱ्या दिवशी मिटलं असतं!"

०

यंदा जूनमध्ये शेरॉनला जर्मनीत लाइपझिगला अ‍ॅडमिशन मिळाली. सप्टेंबरच्या शेवटी जायचं. त्याच दिवशी दुपारी फ्रान्सिस गॅरेजमध्ये आला. मी एका लँडक्रूझरच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो. मला त्याचे फक्त बूट दिसत होते.

बूट म्हणाले, "परब, तीन महिने आहेत."

"कशाला?"

"जायच्या आधी एकदा पोरीबरोबर एका टेबलावर जेवणार. मी, रेजिना, ती. आणि तू."

"मी कशाला?"

"तू असलास की ती सभ्यपणे वागते. आणि मीही."

मी म्हटलं, "मग घरीच बोलाव की. टेबल आहे, खुर्च्या आहेत."

बूट जरा मागे सरकले. मग म्हणाले, "त्या टेबलावर नको. बाहेर. तिला चालेल असं एक चांगलं हॉटेल शोधायचं. नुसतं वेगन नको, चांगलं! मी शेफ आहे, कुठेही नेऊन बसवणार नाही."

मस्कतएवढं शहर, त्यात एक हॉटेल शोधायचं. मला वाटलं, आठवड्याचं काम! म्हणून हो म्हटलं. माझी चूक तिथे झाली.

०

पहिलं ठिकाण अगदी सोपं वाटलं होतं. रुवीतलं एक प्युअर व्हेज. आत धुपाचा वास, भिंतीवर देवांचे फोटो. फ्रान्सिस म्हणाला, "झालं काम. प्युअर व्हेज म्हणजे निम्मा रस्ता पार."

कॅप्टन आला. कपाळाला टिळा, चेहऱ्यावर अभिमान. फ्रान्सिसने विचारलं, "दाल किसमें बनाते हो?"

"शुद्ध देशी घी, साब!"

"चावल?"

"घी का तडका, साब."

"रोटी?"

"उसपे थोडा ज़्यादा लगाते हैं!"

"सब्ज़ी?"

"घी में शुरू, मक्खन में खतम!"

फ्रान्सिसने मेनू मिटला. अगदी हताश आवाजात विचारलं, "पानी?"

कॅप्टन क्षणभर विचारात पडला. मग मान झुकवून, दिलगीर होऊन म्हणाला, "पानी तो सादा ही है, साब."

०

दुसरं ठिकाण कुरुमच्या बाजूला, समुद्राजवळ. छतापासून कुंड्या टांगलेल्या, खुर्च्या एकीसारखी एक नाही, आणि मेनू एका लाकडी फळीवर चिकटवलेला. खरोखरचा वेगन कॅफे! दूध म्हणजे बदामाचं, चीज म्हणजे काजूचं. मी मनात म्हटलं, सुटलो.

फ्रान्सिसने बीटचा बर्गर मागवला. आला. त्यावर ग्रिलच्या काळ्या रेघा, एकदम सरळ, एकसारख्या. मी खायला घेणार इतक्यात त्याने माझा हात धरला.

"थांब. या रेघा ग्रिलच्या नाहीत."

"मग?"

"रंगवल्यात."

मी म्हटलं, "तुझं आपलं काहीतरीच." त्याने वेट्रेसला बोलावलं. फिलिपिन्सची मुलगी, हसतमुख. त्याने विचारलं, "हा बर्गर ग्रिलवर ठेवला होता?"

तिने इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकली आणि कुजबुजली, "सर, आमच्याकडे ग्रिलच नाही. सोया सॉस आणि ब्रश. पण तुम्हाला कसं कळलं?"

फ्रान्सिसने उठून हॉटेल नापास केलं. मला ते अजिबात पटलं नाही. खाली पार्किंगमध्ये मी त्याला झापला. "अरे, तिला चालण्यासारखं होतं ना? स्वच्छ होतं, चवही बरी होती. रेघांशी तुला काय करायचंय?"

"माझी मुलगी खोटं ग्रिल खाणार नाही."

"तुझी मुलगी खरं ग्रिलसुद्धा खात नाही!"

घरी गेल्यावर रेजिना वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, हा तिला जेवायला नेतोय की हॉटेलांची परीक्षा घेतोय?"

०

आमच्या गॅरेजच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, पुतण्या सालिम काउंटर सांभाळतो. महिनाभर आमचं हे चाललेलं तो बघत होता. एक दिवस रागावलाच. "तुम्ही हॉटेलं शोधताय? माझी आई जिवंत असताना?"

मी म्हटलं, "सालिम, बकरी कापायची नाही. तूप नाही, दही नाही."

"मग आजारी आहे का मुलगी?"

"नाही. तिचं तसं ठरलेलं आहे."

सालिमने आईला फोन लावला. पाच मिनिटं अरबीत जोरजोरात बोलणं झालं. फोन ठेवून म्हणाला, "आई म्हणते, वाळवंटातल्या म्हाताऱ्या लोकांना आयुष्यभर काय रोज बकरी मिळत होती का? शुक्रवारी या. यल्ला!"

निझवाच्या पुढे डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. रेजिना वहिनी आल्या, शेरॉनही आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती आणि फ्रान्सिस एकाच जेवणाला निघाले होते. फ्रान्सिसने इस्त्रीचा शर्ट घातलेला, गाडीत एसी फुल असूनही घामाघूम.

आणि जेवण काय सांगू! पातळ, कागदासारखी कुरकुरीत भाकरी, नुसतं पीठ आणि पाणी. सुक्या लिंबाचा आंबटपणा असलेली मसूर. मोकळा पांढरा भात. तिळाच्या कुटात घोळलेला खजूर. सगळं शेरॉनच्या नियमात बसणारं! परातीभोवती मांडी घालून बसलेला फ्रान्सिस एक घास घ्यायचा आणि डोळे मिटायचा. मी खूश. मोहीम फत्ते!

फक्त एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. आम्ही पुरुष बाहेरच्या बैठकीत, मजलिसमध्ये बसलो होतो, आणि शेरॉन आणि रेजिना वहिनी आत, बायकांच्या खोलीत!

मध्ये दोन भिंती आणि एक अंगण. फ्रान्सिसने परातीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "जेवण पास. टेबल नापास."

०

त्याच दिवशीची पुढची गोष्ट. निघायच्या वेळी सालिमच्या आईने मधाची बाटली काढली. त्यांच्याच झाडावरचा, डोंगरातल्या बोरीचा मध. ओमानमध्ये हा मध कुणालाही देत नाहीत, मानाच्या पाहुण्यालाच. त्या माऊलीने चमचाभर काढला आणि थेट शेरॉनच्या तोंडाशी नेला.

अंगणात आम्ही सगळे उभे. मी मनात म्हणत होतो, खा बाई, एक चमचा खा, कोण बघतंय!

शेरॉनने आपला उजवा हात छातीवर ठेवला, मान झुकवली आणि शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, की तुमचा मान मोठा आहे, पण मी हे घेत नाही.

सालिमची आई तिच्याकडे बघतच राहिली. मग हसली, चमचा स्वतःच्या तोंडात घातला आणि सालिमला काहीतरी म्हणाली. सालिम लाजून लाल.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"आई म्हणतेय, ज्या मुलीला तोंडावर नाही म्हणता येतं ती घर चालवते. हिला जर्मनीला कशाला पाठवता? माझा धाकटा मुलगा अजून बिनलग्नाचाच आहे!"

परतीच्या रस्त्यावर शेरॉन मागच्या सीटवर झोपली. फ्रान्सिसने एकदा मागे वळून ती झोपल्याची खात्री केली. मग हळूच मला म्हणाला, "तोंडावर नाही म्हणाली, परब. एवढ्या माणसांत."

मला वाटलं, रागावलाय. बघतो तर गडी हसत होता.

"दाब्रे आहे," तो म्हणाला.

०

जुलैमध्ये फ्रान्सिसने नवंच खूळ काढलं. लाइपझिगचा नकाशा प्रिंट करून आणला. शेरॉनच्या हॉस्टेलच्या आसपास जितकी वेगन हॉटेलं आणि कॅफे आहेत, त्या सगळ्यांवर लाल ठिपके. नकाशा गोवर आल्यासारखा दिसत होता!

"बघ! तिथे रस्ता ओलांडला की एक. इथे मी महिनाभर फिरतोय."

"मग चांगलंच आहे की. तिची सोय झाली."

"सोय झाली कसं म्हणतोस? चांगली आहेत की नाहीत हे कोण बघणार?"

आणि हा गृहस्थ एकामागून एक त्या कॅफेंना फोन लावायला लागला! माझ्या गॅरेजमध्ये बसून, कारण तिथला एसी चांगला. सगळं इंग्रजीत. "हॅलो, शेफ फ्रान्सिस फ्रॉम मस्कत." दोन जणांनी फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणी एका मुलीने नीट ऐकून घेतलं.

फ्रान्सिसने विचारलं, "आज काय आहे?"

"मसूर आणि लाल भोपळ्याचं सूप."

"मीठ घातल्यावर चाखतं कोण?"

"मीच."

फ्रान्सिसला ते आवडलं. मग त्याने विचारलं, "एखादी मुलगी एकटी आली, नवीन, ओळखपाळख नसलेली, तर तिला कुठे बसवता?"

ती म्हणाली, "खिडकीपाशी. तिथे एक छोटं टेबल आहे. ट्राम दिसते."

फ्रान्सिसने त्या ठिपक्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'खिडकी'.

"टेबल ठेवू का तुमच्यासाठी?" मुलीने विचारलं. "आज संध्याकाळी?"

"नो, नो. मी ओमानमध्ये आहे."

"ओह! मग उद्या?"

हे सगळं मी रात्री जेवताना वहिनींना रंगवून सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी शेरॉनच्या खोलीच्या बंद दाराकडे बोट दाखवलं.

"पोरगी तिथे आहे, भाऊ. बारा पावलांवर. आणि हा फोन जर्मनीला लावतो!"

०

ऑगस्टमध्ये कुणीतरी सांगितलं, सोहारला पोर्टजवळ एक वेगन हॉटेल आहे, तिथल्या कारखान्यांत परदेशी इंजिनियर येतात म्हणून कुणी काढलंय. दोनशेच्यावर किलोमीटर. फ्रान्सिसने सुट्टी टाकली, आम्ही गेलो.

पत्ता बरोबर होता. पाटीही नवी होती. पाटीवर लिहिलं होतं 'मशावी', म्हणजे कबाब! वेगन हॉटेल चार महिन्यांपूर्वी बंद पडलं होतं.

बाहेर कोळशावर शिगा लावलेल्या. धूर सगळा आमच्या अंगावर. मी म्हटलं, चल, उलटे फिरू. पण फ्रान्सिसचे पाय निघेनात. दोन मिनिटं तो नुसता बघत होता. मग पुढे झाला आणि कबाबवाल्याला म्हणाला, "भाई, आग बहुत ऊँची है. नीचे कर."

पुढचा सव्वा तास माझा मित्र अनोळखी माणसाच्या शेगडीवर घाम गाळत उभा होता! निखारे कसे पसरायचे, शीग कधी फिरवायची, सगळं शिकवलं. त्या कबाबवाल्याने निघताना त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

संध्याकाळी घरी पोचलो. बेल वाजवली. शेरॉनने दार उघडलं. फ्रान्सिस म्हणाला, "बेटा, तुझ्यासाठी हॉटेल शोधायला गेलो होतो..."

शेरॉनने नाकाने एक लांब वास घेतला. कपडे, केस, सगळ्याचा.

आणि दार लावलं.

०

त्यानंतर एक दिवस शेरॉन गॅरेजमध्ये आली. एकटीच. व्हिसाचे फोटो काढायला आली होती म्हणाली, पण फोटोचं दुकान दुसऱ्या टोकाला आहे. स्टुलावर बसली. तिचं मराठी असं आहे, की एकेक शब्द खिशातून शोधून काढल्यासारखा येतो.

"अंकल, तुम्ही आणि पप्पा माझ्यासाठी रेस्टॉरंट शोधते?"

"शोधतोय. तू फक्त ये म्हणजे झालं."

"मी येणार. आय नेव्हर सेड नो." मग तिने स्टूल जवळ ओढलं. "पप्पा मला विचारते, तू काय काय नाय खात. लिस्ट मागते. का नाय खात, ते नाय विचारत. वन टाइम पण नाय."

मी ते फ्रान्सिसला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी त्याला एवढं जरूर म्हटलं, की बाबा रे, हॉटेलचा हट्ट सोड, नुसती हाक मार तिला. घरी. आज.

तो पाना हातात घेऊन उगाच नट फिरवत बसला. म्हणाला, "हाक मारली आणि नाही म्हणाली तर? हॉटेलात नाही म्हणाली, तर हॉटेल वाईट होतं असं म्हणता येतं."

मग त्यानेच पाना खाली ठेवला आणि उठला. "अजून पाच आठवडे आहेत. शोधायचं म्हणजे शोधायचं!"

०

हॉटेल शेवटी सापडलं ते मला. तेही बॉनेटखाली!

एक साठीच्या बाई जुनी कोरोला घेऊन आल्या. गॅस भरायचा होता. सगळे त्यांना बीबी जोखा म्हणतात. जन्म झांझिबारचा, लहानपणी वडिलांबरोबर मस्कतला आल्या. अरबी, इंग्रजी, हिंदी सगळं एका वाक्यात बोलतात. गाडीला वेळ लागणार होता, म्हणून त्यांनी डबा उघडला.

आणि माझ्या हातातून गेज सुटलं. नारळाच्या दुधाचा वास! कुडाळच्या घरात दुपारी बारा वाजता येतो तोच! डब्यात नारळाच्या रसात शिजवलेला राजमा, त्याच रसातला कसावाचा कंद, आणि नारळाचाच भात.

"बीबी, यात तूप?"

"नारळ असताना तूप कशाला?"

"दूध, दही?"

"बेटा, तू एसीवाला आहेस की डॉक्टर?"

रुवीच्या मागच्या गल्लीत त्यांची पाच टेबलांची खानावळ. मासे फक्त संध्याकाळी, वेगळ्या खोलीत, वेगळ्या चुलीवर. दुपारी नुसत्या डाळी, कंद आणि भात. फ्रान्सिसला त्याच दिवशी नेला. त्याने पहिला चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, ताट पुसून खाल्लं. मी वाट बघत होतो, आता काय खोट काढतो. तो उठून सरळ मुदपाकखान्याच्या दारात गेला.

"बीबी, हे मला शिकवा."

"पाकीट घेऊन आलायस की हात?"

"मी मोठ्या हॉटेलात शेफ आहे. बावीस वर्षं."

बीबीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तिथे काय करतोस?"

"ग्रिल. मटण, बकरी, सगळं."

"छान. इथेही तुला बकरी देते."

आणि कोपऱ्यातून तिने एक बैठं लाकडी स्टूल ओढून काढलं. पुढच्या टोकाला दातेरी पातं. आपली नारळाची खवणी! झांझिबारच्या भाषेत त्या खवणीला बकरीच म्हणतात.

"बस," ती म्हणाली. "वीस नारळ आहेत."

पंचतारांकित हॉटेलचा ग्रिल शेफ त्या बकरीवर स्वार झाला. मग दर मंगळवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, जाऊ लागला. घरी सांगितलं, ओव्हरटाइम आहे. रेजिना वहिनींना तिसऱ्याच मंगळवारी कळलं.

"कसं?" मी विचारलं.

"ओव्हरटाइमवरून येणाऱ्या माणसाच्या केसांत खोबरं असतं का, भाऊ?"

०

शेरॉनचं विमान रविवारचं. शुक्रवारी सकाळी मिस्सा झाली, जुम्म्याची नमाज संपली, आणि फ्रान्सिसने आम्हा तिघांना बीबीच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं.

"तुम्ही बसा. मी पार्किंग बघून आलो."

आत गेलो. बीबीने चार जणांचं टेबल मांडून ठेवलं होतं. चार ताटं, चार ग्लास. शेरॉन खिडकीकडे तोंड करून बसली. तिने छान सलवार-कमीज घातला होता. वहिनींनी बाटलीतलं पाणी तीनदा ग्लासात ओतलं आणि तीनदा परत बाटलीत.

दहा मिनिटं गेली. फ्रान्सिस नाही. बीबी एकच वाटी घेऊन बाहेर आली आणि शेरॉनसमोर ठेवली. "आधी ही मुलगी. बाकीच्यांचं होतंय."

शेरॉनने वाटीतलं ताटात घेतलं. एक चमचा खाल्ला. माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे. काही कळेना. दुसरा चमचा खाल्ला. मग तिने चमच्याने कंदाचा एक तुकडा उलटा केला, परत सुलटा केला, त्याचा तो शेफच्या सुरीचा एकसारखा काप बघत राहिली.

"पप्पाला पार्किंग नाय मिळालं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "रुवीत फार कठीण असतं गं."

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. शुक्रवारची दुपार. सगळी दुकानं बंद. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. आमची गाडी समोरच उभी होती.

शेरॉन उठली. एका हातात आपलं ताट घेतलं. दुसऱ्या हाताने फ्रान्सिसच्या जागेवरचं रिकामं ताट उचललं. आणि मुदपाकखान्याचा पडदा खांद्याने सारून आत गेली.

एका मिनिटात बीबी जोखा बाहेर आली. ओढणीला हात पुसत, आमच्याकडे न बघता, शेजारच्या टेबलावर जाऊन बसली. आमच्याकडे पाठ करून.

आत एक झाकण पडलं. मग फ्रान्सिसचा आवाज, एकच वाक्य, हळू. मग शेरॉनचा, बराच वेळ, इंग्रजी-मराठी सगळं एकत्र. मग दोन खुर्च्या ओढल्याचा आवाज.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पाऊण तास झाला.

रेजिना वहिनींनी कागदी रुमालाने डोळे टिपले, नाक पुसलं, रुमालाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग टेबलावर टिचकी मारली आणि मला म्हणाल्या,

"परब भाऊ, ती दोघं आता काही बाहेर येत नाहीत. आपल्याला कुणी वाढणार आहे की नाही?"